सवतीची तपेली

माझा उजवा हात अजून मनगटातून पुरता उचलत नाही. लिहिताना मनगटाखाली जुन्या लुगड्याची गुंडाळी घ्यावी लागते आणि चार ओळी झाल्या की थांबावं लागतं. तरी लिहिते आहे, कारण गिरगावातल्या आमच्या वाडीतल्या बायका अजून मला नळावर गाठून विचारतात की तुम्हाला नक्की झालं तरी काय होतं. एकेकीला सांगून तोंड दुखतं, आणि सांगितलेलं एका जिन्यावरून दुसऱ्या जिन्यावर पोचेपर्यंत त्याचं भलतंच होतं. परवा एकीने विचारलं की सवत उतरवायला तुम्ही पारशीण डॉक्टरणीकडे का गेलात, आपल्यातलं कोणी नव्हतं का. तेव्हा ठरवलं, आता कागदच बरा.

ती घरात होती

माझं लग्न बिजवराशी झालं. हे कोटात, म्हणजे फोर्टात, एका हापिसात कारकून. पहिली बायको यमुना वारली, तेव्हा तिची मुलगी ठकी अजून नीट बोलायलाही लागली नव्हती. वर्षाच्या आत मी त्या घरात आले. लग्नातच सासूबाईंनी माझ्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर एक लहानसा चांदीचा टाक बांधला, यमुनेच्या नावाचा. दुसरेपणाच्या बायकांना हे सांगायला नको. मेलेल्या सवतीचा टाक गळ्यात असला की ती शांत राहते, नव्या बाईचं वाईट करत नाही, असं म्हणतात. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण रोज छातीवर वागवत होते.

घरात ती सगळीकडे होती. ठकीची वेणी तिच्यासारखी घालायची, पापड तिच्या मापाने लाटायचे, तुळशीपुढची रांगोळी तिच्या पद्धतीची. सासूबाई हे दुष्टाव्याने सांगत नसत. त्यांचा तिच्यावर जीव होता आणि तो जीव ठेवायला आता दुसरी जागा नव्हती. मला मात्र कधी कधी वाटे की मी या घरात नांदत नाही, कुणाच्या तरी जागेवर बसून तिची वाट बघते आहे.

आणि तिची तपेली. पितळेची, गळ्याशी निमुळती, बुडाला गोल. यमुनेच्या आईने रुखवतात दिलेली. आई लवकर गेली, म्हणून तपेलीवर यमुनेचा फार जीव. एकदा तिच्या बुडाला चीर गेली, तेव्हा ती जेवली नव्हती म्हणे. वाडीत आलेल्या एका फिरत्या डागवाल्याकडून तिने ती चीर बुजवून घेतली, वरून कल्हई करून घेतली आणि पुन्हा वापरायला काढली. सासूबाई हे फार कौतुकाने सांगत.

कल्हई झिजली की बुडातलं करडं ठिगळ वर दिसे. चिंच आणि राख लावून घासलं की चांदीसारखं चमके, दुसऱ्या दिवशी पुन्हा मळकं. घासताना नख लागलं तर त्याच्यावर ओरखडा उठे. पितळेवर कधी नखाचा ओरखडा उठतो का, असा प्रश्न माझ्या मनात आला नाही.

पुरुषमाणसांची आणि पोरीची पंगत आधी. उरलेली आमटी, कढी, सार त्या तपेलीत ओतून ठेवायचं आणि मागाहून घरातल्या बाईने जेवायचं, ही यमुनेच्या वेळची रीत. सासूबाई विधवा, एकभुक्त, त्यांचा स्वयंपाक सोवळ्याचा आणि भांडी वेगळी. म्हणजे त्या तपेलीतलं खाणारी घरातली बाई एकटी मीच.

दुखणं

सुरुवात पोटापासून झाली. बेंबीभोवती असा पीळ पडे की मी चुलीपुढे गुडघे पोटाशी घेऊन बसून राही. शौचाला होईना. लाज वाटते, पण लिहिते, कारण बायका नेमकं हेच कुणाला सांगत नाहीत. तोंडाला सदा तांब्याचा पैसा चोखल्यासारखी चव. रंग उतरला. वाडीत कुजबुज झाली की गोड बातमी दिसते. ती होतीही. मग तीही गेली. त्याबद्दल मला जास्त लिहवत नाही. एवढंच, की त्या दिवशी सासूबाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, की यमीचंही असंच दोनदा झालं होतं.

मग हात गेला. ताट उचलताना मनगट आपोआप खाली लोंबलं आणि ताट जमिनीवर पडलं. मी पुन्हा उचलायला गेले, पुन्हा तेच. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या मला रागावल्या नाहीत. चौकट धरून हळूच म्हणाल्या, "शेवटी शेवटी तिच्याही हातात काही राहत नव्हतं."

त्या दिवसापासून मी घाबरले. माझ्या आधीच्या बाईचं दुखणं पावलावर पाऊल टाकत माझ्या अंगातून चाललं होतं. पोट झालं, कूस झाली, हात झाला. पुढे काय झालं होतं ते मला ठाऊक होतं. दुपारी हे हापिसात, ठकी झोपलेली, सासूबाई जपाला बसलेल्या, आणि मी एकटी स्वयंपाकघरात असले की चुलीपाशी कुणीतरी बसलेलं आहे अशी खात्री होई. मी तिकडे बघत नसे. भांड्याचा आवाज झाला तरी बघत नसे. टाक गळ्यात जड वाटे. काढायचं धाडस नव्हतं आणि ठेवून घेतला तर श्वास लागे.

तिचं मागणं

वैद्यांचं एरंडेल झालं, काढे झाले, लेप झाले. मग प्रभादेवीकडची एक बाई बोलावली, तिच्या अंगात येई. ती घुमली आणि म्हणाली, "ती उपाशी आहे. तिचं तिला द्या."

उपाय असा ठरला की यमुनेला आवडायचं ते आमसुलाचं सार रोज सकाळी तिच्याच तपेलीत करायचं. टाकाला नैवेद्य दाखवायचा. दिवसभर तिच्या नावाने ते तसंच झाकून ठेवायचं आणि दिवेलागणीला तिचं उष्टं म्हणून सवतीने, म्हणजे मी, प्यायचं. थेंब टाकायचा नाही.

आता वाचणाऱ्यांच्या लक्षात आलं असेल. आमच्या कुणाच्याही आलं नाही. सासूबाई पहाटे उठून सोवळ्याने माझ्यासाठी आमसुलं भिजत घालीत. त्या दिवसांत त्यांनी माझी जितकी सेवा केली तितकी माझ्या आईनेही केली नसती. दिवेलागणीला तपेलीतलं सार वाटीत ओतून त्या माझ्या ओठांशी धरीत, कारण मला वाटी धरता येत नव्हती. मी डोळे मिटून पिई आणि मनात म्हणे, यमुनाबाई, झालं ना आता, सोडा मला. ठकी शेजारी बसे. आईचा प्रसाद मलाही, म्हणून हट्ट करी. तिला घोटभर देत असू.

मी वाढत्या वेगाने खालावले.

इस्पितळ

तेव्हा गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, शहरात आलेला नव्हता, पण इस्पितळाचं नाव घरात काढणं म्हणजे तिरडीचं नाव काढण्यासारखंच होतं. सासूबाई म्हणाल्या, तिथे कुणाच्या हातचं पाणी, कुणाचं अंथरूण, तिथून माणूस परत आलं तरी घरात घ्यायचं कसं. हे कधी आईपुढे शब्द काढणारे नव्हेत. त्या दिवशी उठून बाहेर गेले आणि गाडी घेऊन आले.

परळच्या बाजूला बायकांसाठी एक इस्पितळ होतं. लांबलचक खोली, दोन्ही अंगांना खाटा, फिनेलचा वास, सकाळी घंटा. घंटा झाली की सगळ्यांनी उठायचं, उठवत असो वा नसो. पहिले दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. शेजारच्या खाटेवर वरळीची एक कोळीण होती, जानकी. होडीवरून पडून तिचं मांडीचं हाड मोडलं होतं. तिला माझं सोवळं-ओवळं बघून हसू येई. पण माझे हात चालत नाहीत हे पाहिल्यावर तिने मला न विचारता पडल्या पडल्या जवळ ओढलं आणि माझी वेणी घातली. रोज घाली. मासळीचा वास तिच्या हातातून जात नसे, आणि मला पुढे पुढे तो वास आला की बरं वाटे.

इस्पितळातलं मी खात नव्हते. घरून केळीच्या पानात बांधून भात आणि मेतकूट येई. तपेली इस्पितळात पाठवायची नाही असं सासूबाईंनी ठरवलं होतं, मेलेल्या सवाष्णीचं भांडं विटाळाच्या जागी कसं न्यायचं. काही दिवसांत पोटाचा पीळ सुटला. मला घरी सोडलं. घरी आल्यावर सार पुन्हा सुरू झालं, आणि महिना उलटायच्या आत मी पुन्हा त्याच खाटेवर होते. आधीच्या वेळेपेक्षा वाईट. सासूबाईंचं म्हणणं, आपण इस्पितळात गेलो म्हणून ती चिडली.

जानकी अजून तिथेच होती. मला बघून म्हणाली, "आलीस गो बाय परत?" आणि रडली. मीही रडले. मला मरायचं नव्हतं. एवढं साधं वाक्य मी तोवर कुणापुढे बोलले नव्हते, ते तिच्यापुढे बोलले.

आरसा

डॉक्टरीणबाई पारशी होत्या, उंच, तुटक मराठी बोलणाऱ्या. दुसऱ्या खेपेला त्या मला बघून विचारात पडल्या. इथे बरी होते, घरी बिघडते, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग उजेडाकडे तोंड करायला लावून माझा ओठ वर केला आणि तशाच थांबल्या. नर्सकडून आरसा मागवून माझ्यापुढे धरला.

दातांच्या मुळाशी, हिरडीच्या काठाने, एक काळसर निळी रेघ होती. काजळाच्या काडीने ओढल्यासारखी.

त्या म्हणाल्या, "हे शिसं हाय. छापखान्यात खिळे जुळवनारे लोक येतात ना, त्यांच्या तोंडात मी पाहिला हाय. तुमच्या घरात कोन करते हे काम?"

कुणी नाही, मी म्हटलं. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. कुंकू कुठलं लावता, सुरमा घालता का, भिंतीला रंग कुठला, आंबट कशात शिजवता, किती वेळ ठेवता. आंबटाने शिसं सुटतं, पाण्यात दिसत नाही, चवीला वाईट लागत नाही, आणि थोडं थोडं अंगात साठत जातं, असं त्यांनी सांगितलं. मी उत्तरं देत होते आणि देता देता माझं बोलणं थांबलं. मला माझं नख आठवलं. करड्या ठिगळावर उठणारा तो ओरखडा.

मला आधी हसू आलं, इतकं की जानकी घाबरली. चुलीपाशी कुणी नव्हतं. यमुना मला ओढत नव्हती. ती बिचारी स्वतःच्या आईचं भांडं जपायला गेली आणि त्याच्यातूनच गेली.

मग हसू गेलं. आदल्या दिवशी सासूबाईंचा निरोप आला होता, की तू काळजी करू नकोस, नेम मोडलेला नाही. तू नाहीस तर ठकी पिते, आईचं उष्टं लेकीने प्यायलं तर काय बिघडलं. पहिल्या खेपेलाही ठकीनेच तो नेम चालवला होता. आणि हे सकाळी सांगून गेले होते की ठकीला आणलं नाही, तिचं पोट दुखतं आहे.

कुणी सांगायचं

हे संध्याकाळी आले तेव्हा मी सगळं सांगितलं. ते खाली बघत ऐकत राहिले. मग म्हणाले, "आईला काय सांगू? ती म्हणेल, मेलेलीचं भांडंसुद्धा हिला घरात नको झालंय."

खरं होतं. जगातल्या कुठल्याही सावत्र आईने हेच म्हटलं असतं, आणि ऐकणाऱ्याने हेच उत्तर दिलं असतं. मला ते भांडं कधी आवडलं नव्हतं हेही घराला ठाऊक होतं. पोरीचा जीव माझ्या शब्दावर होता आणि माझ्या शब्दाला त्या घरात वजन नव्हतं.

मी म्हटलं, "इकडून काही सांगूच नये. उद्या त्यांना आणि ठकीला इथे आणावं. आणि आज ठकीने ते पिता कामा नये. कसंही करावं."

ते गेले. त्या संध्याकाळी त्यांनी काय केलं ते मला पुष्कळ दिवसांनी कळलं. आईपुढे त्यांना तोंड उघडवेना. ठकीपुढे वाटी आली तेव्हा त्यांनी ती उचलली आणि स्वतः पिऊन टाकली. मेलेल्या बायकोचं उष्टं नवऱ्याने प्यायलं म्हणून सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. हे नुसते तोंड पुसून ओसरीवर जाऊन बसले. माझ्या नवऱ्याला लोक भित्रा म्हणतात. म्हणोत.

सासूबाई

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. आलवण घट्ट आवळून दारातच उभ्या राहिल्या, कशालाही शिवायचं नाही म्हणून. ठकी धावत माझ्याकडे आली. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. डॉक्टरीणबाईंनी तिला मांडीवर घेतलं आणि ओठ वर केला. रेघ होती. अगदी बारीक, पण होती.

मग त्यांनी सासूबाईंना जवळ बोलावलं आणि माझा ओठ वर करून दाखवला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला वाटलं होतं त्या वाद घालतील, माझ्यावर उलटतील. त्या खूप वेळ बघत राहिल्या. मग त्या सोवळ्यातल्या बाई मटकन खाली, सगळ्यांच्या पावलांखालच्या फरशीवर बसल्या.

"यमीच्या तोंडात गंगा घालताना मी हे पाहिलं होतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मिशरी आहे."

जानकीने तोंडावर पदर घेतला.

नंतर

घरी गेल्यावर सासूबाईंनी विळीच्या टोकाने ते ठिगळ खरवडून पाहिलं. लोण्यासारखं निघालं म्हणे. कासारीण मोड घ्यायला वाडीत आली तेव्हा शेजारणी म्हणाल्या, देऊन टाका, बदल्यात नवी वाटी तरी येईल. मी खाटेवरून निरोप पाठवला की मोडीत घालू नका, ती पुन्हा कुणाच्या तरी चुलीवर चढेल. जानकी बरी होऊन वरळीला गेली तेव्हा ह्यांनी घरून आणून दिलेली तपेली ती घेऊन गेली, आणि तिच्या नवऱ्याने होडीतून खूप आत नेऊन समुद्रात सोडली. त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत.

माझं पोट लवकर सावरलं, हात फार हळू. ठकी हसते, खेळते, पण पाढे तिच्या ध्यानात राहत नाहीत. मुळातच ती तशी, की त्या सारामुळे, हे मला कुणी सांगू शकत नाही. आठवड्यातून एकदा मी तिला उजेडात नेऊन ओठ वर करते. ती कंटाळते. मी सोडत नाही.

तुमच्या घरी कुणाचं पोट असं पिळून निघत असेल, रंग उतरत असेल, बायकांची कूस टिकत नसेल, तर आरसा घेऊन हिरड्या बघा. आंबट पितळेत ठेवू नका, कल्हई असली तरी ते लगेच दुसऱ्या भांड्यात काढून घ्या. बाधा असेलही, मी नाही म्हणत नाही. पण आधी भांड्याचं बूड बघा.

टाक अजून माझ्या गळ्यात आहे. दुपारी स्वयंपाकघरात एकटी असले की चुलीपाशी कुणी बसलंय असं आजही वाटतं. आता मी तिकडे बघते. मला एकच गोष्ट सतावते. जर ती तेव्हा खरंच तिथे बसत असेल, तर काय सांगायला बसत होती, आणि मी एकदाही मान वळवली नाही.

भाद्रपदात अविधवा नवमी आली. सवाष्ण गेलेल्या बायकांची ती तिथ, त्या दिवशी त्यांच्या नावाने पान वाढतात. सासूबाईंनी आमसुलाचं सार नव्या मातीच्या मडक्यात केलं. पान मांडलं, वाटी ठेवली, पाणी फिरवायला हात पुढे केला आणि थांबल्या. मग ज्या बाईने जन्मात कधी नैवेद्याचा वासही आधी घेतला नव्हता तिने ती वाटी उचलली, एक घोट घेतला, थोडा वेळ तोंडात धरून गिळला आणि वाटी पानावर परत ठेवली.

"खा यमे," त्या म्हणाल्या. "ह्यात काही नाही."